डोलकाठीवरचा बाण आणि खरा वारा

प्रश्न : आम्ही दोघा चुलतभावांनी जुनी होबी 16 कॅटमरान (दोन समांतर सांगाड्यांची शिडाची होडी) घेतली आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात उतरवली. डोलकाठीच्या टोकाला बाजारचा वारादर्शक बाण बसवला. त्याच्या मागे दोन पट्ट्या आहेत. बाणाची शेपटी पट्टीवर ठेवून चालवलं तरी होडी वारा येतो त्या बाजूला वर चढत नाही. शिवाय वेग आला की बाण पुढे सरकतो. भाऊ म्हणतो वारा फिरला, मी म्हणतो बाण बिघडला. खरं काय?
— एक वाचक, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, बाण बिघडलेला नाही आणि वाराही फिरलेला नाही. बाणाची जागा चुकली आहे.

होबी 16 ची डोलकाठी घट्ट बसवलेली नसते, शिडासोबत ती आपल्या बुडावर फिरते. त्या पट्ट्या साधारण मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 30 अंशांवर लावलेल्या असतात, पण तुमच्याकडे त्या काठीसोबत वाऱ्याकडे वळतात. समजा काठी 30 अंश वळली, तर शेपटी पट्टीवर आणेपर्यंत वारा होडीच्या नाकापासून 60 अंशांवर गेलेला असतो. मग होडी वर कशी चढणार?

बाण खाली आणा. दोन्ही हलच्या, म्हणजे सांगाड्यांच्या, पुढच्या टोकांतून निघालेल्या तारा वर जिथे एकत्र येतात, त्या जोडीला ब्राइडल म्हणतात. बाण तिथे बसवा. काठी कितीही फिरली तरी ब्राइडल होडीच्या रेषेतच राहतो. बाण ज्यावर फिरतो ती आस उभी हवी, आणि पुढच्या लहान शिडाला, जिबला, बाण लागायला नको. सुकाणूजवळ बसून समोर बघताना तो सहज दिसतो, मान वर करून दुखवायची गरज नाही.

बसवण्याआधी तो घरीच तपासा. खोलीत पंखा बंद करा, आस आडवी धरा आणि बाण सोडून द्या. शेपटी खाली गेली तर ती जड आहे. कॅटमरानचा एक हल उचलला की अशी शेपटी वजनानंच खालच्या बाजूला झुकते आणि खोटी दिशा दाखवते. माझा पहिला बाण असाच होता. नाकावर तांब्याच्या तारेचे चार वेढे दिले तेव्हा तो जागेवर थांबला. आसाला तेल लावू नका, धरणाकाठची धूळ त्यात चिकटून चिखल होतो.

आता वेग आल्यावरचं सरकणं. उन्हाळ्यात दुपट्टा गळ्यात टाकून पवनी रस्त्यावर मोटारसायकलवर बसा. वारा उजवीकडून असेल तर उभं असताना दुपट्टा डावीकडे उडतो, गाडी पळाली की मागे जातो. वारा तोच, पण तुम्ही पुढे गेल्यानं आणखी एक वारा समोरून आला. बाणाला या दोघांची बेरीज कळते. नेमक्या बाजूनं 10 नॉट (नॉट हे वेगाचं सागरी माप) वारा आणि होडीचा वेगही 10 नॉट असेल, तर बाण 45 अंश पुढून सुमारे 14 नॉट दाखवतो. शीड याच बेरजेच्या वाऱ्यावर चालतं, म्हणून शिडासाठी बाणाचंच ऐका. काठावरचा धूर खऱ्या वाऱ्याची दिशा सांगेल.

वारा मागून घ्यायचा असेल तर सरळ वाऱ्यासोबत खाली जाऊ नका, कॅटमरान तशी मंदावते. नागमोडी उतरा आणि बाण होडीच्या रेषेला काटकोनात ठेवा. तो पुढे सरकला तर थोडं वाऱ्यापासून दूर वळा, मागे पडला तर वाऱ्याकडे वळून वेग भरून घ्या. मला ही चाल फार आवडते, होडी आपला वारा आपणच तयार करते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. डोलकाठी ॲल्युमिनियमची, सुमारे 8 मीटर उंच. उभी करण्याआधी वर बघा, शेताकडे जाणाऱ्या विजेच्या तारा काठापर्यंत येतात. तारेखाली होडी कधीच जोडू नका.

प्रश्न : बाण महाग वाटतो. घरी काही करता येईल का?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : येईल. जुन्या ऑडिओ कॅसेटची फीत काढा, वीतभर तुकडे करा आणि डोलकाठीला धरणाऱ्या दोन्ही बाजूच्या तारांना डोळ्यांच्या उंचीवर बांधा. लोकरीचा धागा ओला झाला की तारेला चिकटतो, फीत लगेच झटकून पुन्हा उडते. जिबच्या दोन्ही अंगांनाही एकेक तुकडा चिकटवा. वाऱ्याकडची फडफडली तर जिबची दोरी ओढा किंवा वाऱ्यापासून दूर वळा. पलीकडची फडफडली तर दोरी सैल सोडा किंवा वाऱ्याकडे वळा. दोन्ही सरळ मागे वाहत असतील तर काहीच करू नका.

आणि डोंग्यावरच्या ढीवर (मासेमार) भावांना विचारा. पाण्यावर काळसर झाक पसरत येते, तोच पुढचा झोत असतो. वावधनाच्या, म्हणजे वादळवाऱ्याच्या, दिवसांत ती झाक दिसली की ते आधी काठ धरतात, मगच बोलतात.