उत्तर सायप्रसची लोकसंख्या किती आहे? तिथे सगळे तुर्कच राहतात का?

आधी आकडा सांगते. दुभंगलेल्या सायप्रस बेटाच्या या उत्तर भागातल्या प्रशासनाने ४ डिसेंबर २०११ रोजी जनगणना केली. त्या रविवारी लोकांना घराबाहेर पडायला बंदी होती आणि गणक दारोदार फिरत होते. कायम राहणारे लोक भरले २,८६,२५७. त्यानंतरचे त्यांचे स्वतःचे अंदाज पावणेचार लाखांच्या पुढे गेले आहेत. तुर्की बोलणारे बहुसंख्य आहेत, हे खरं. पण ‘तुर्क’ एवढं म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही.

मी दक्षिणेतल्या लिमासोलमध्ये एका जहाज कंपनीच्या हिशेब विभागात अडीच वर्षं होते. सुट्टीच्या दिवशी निकोसियाला जायचे. तिथल्या लेड्रा स्ट्रीटवरच्या नाक्यावर एका खिडकीत कागद दाखवायचे, थोडं चालायचं, दुसऱ्या खिडकीत पुन्हा दाखवायचे, की पलीकडे उत्तरेत. तिथून एकदा मी मॉर्फूला गेले. त्या गावाचं आताचं तुर्की नाव गुझेलयुर्त. चहूकडे संत्र्याच्या बागा आहेत. कॉफीच्या दुकानातले म्हातारे मालक माझ्याशी इंग्रजीत बोलत होते, बायकोशी तुर्कीत, आणि दक्षिणेतून आलेल्या एका गिऱ्हाइकाशी चक्क ग्रीकमध्ये. तुम्ही इथलेच का, असं विचारल्यावर म्हणाले, “नाही, आम्ही बाफचे.” बाफ म्हणजे पाफोस, बेटाच्या पार नैर्ऋत्येला. मग त्यांनी गल्लीतली घरं बोटाने दाखवली: हे बाफचे, तेही बाफचे, ते लिमासोलचे, आणि कोपऱ्यावरचे ‘तुर्कियेली’, म्हणजे तुर्कस्तानातून आलेले. स्वतःला ते ‘किब्रिसली’ म्हणवत होते, म्हणजे सायप्रसचे. या दोन शब्दांतलं अंतर कळलं नाही, तर उत्तर सायप्रस कळत नाही.

१९६० च्या जनगणनेत अख्ख्या बेटावर ५,७३,५६६ माणसं होती. त्यांत ग्रीक सुमारे ७७ टक्के आणि तुर्क सुमारे १८ टक्के. महत्त्वाची गोष्ट अशी, की तेव्हा ‘तुर्कांचा उत्तर भाग’ असं काही नव्हतंच. दोघंही बेटभर मिसळून राहत होते. कुठे एकाच गावात दोन आळ्या, कुठे शेजारशेजारची दोन गावं. डिसेंबर १९६३ मध्ये दंगे पेटले आणि एका ब्रिटिश जनरलने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलने रेघ ओढली. तीच ‘ग्रीन लाइन’. सुमारे २५ हजार तुर्क गावं सोडून आपल्या माणसांच्या वस्त्यांत कोंडून राहिले. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. आपले जनरल थिमय्या तिचे प्रमुख होते आणि डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच, कामावर असताना वारले. तिकडची जुनी माणसं अजून त्यांचं नाव आदराने घेतात, ते ऐकून मला भरून आलं होतं.

जुलै १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करशहांनी सायप्रसमध्ये बंड घडवलं आणि पाच दिवसांत तुर्कस्तानने सैन्य उतरवलं. ऑगस्टपर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग त्यांच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून जास्त ग्रीक दक्षिणेला पळाले. दक्षिणेतले तुर्क पुढच्या वर्षभरात उत्तरेला आले. पिढ्यान्‌पिढ्यांची मिसळण वर्षा-दीड वर्षात उसवली. रिकाम्या झालेल्या गावांत मग तुर्कस्तानच्या अनातोलिया भागातून कुटुंबं आणून वसवली गेली.

म्हणूनच आकड्यांवर एवढं भांडण आहे. तिथल्या २००६ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७८ हजार नागरिक होते, त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त सायप्रसचेच असं उत्तरेचं म्हणणं. शिवाय ७८ हजार बिगर-नागरिक. दक्षिणेचं सायप्रस सरकार मात्र मूळ तुर्क सायप्रियट, म्हणजे सायप्रसचे तुर्क, ९० हजारांच्या आसपासच धरतं. बाकीच्यांना ते बेकायदा वसाहतवाले म्हणतं, कारण १९८३ मध्ये जाहीर झालेल्या उत्तरेच्या त्या ‘देशाला’ तुर्कस्तानशिवाय कुणाचीही मान्यता नाही. पण तिथेच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकलेल्या मुलाला परका म्हणणं मला पटत नाही. त्याच्या आजोबांना तिथे आणून बसवणं चूक होतं, हेही तितकंच खरं.

ग्रीक अजिबात उरले नाहीत, असंही नाही. ईशान्येच्या लांबट कार्पास टोकावर सुरुवातीला बरेच हजार मागे राहिले होते, आता काही शेच आहेत, बहुतेक वयस्कर. पश्चिमेला कोर्माकितीस गावात मारोनाइट ख्रिश्चन राहतात. त्यांची स्वतःची अरबी बोली आहे, ‘सन्ना’. ती बोलणारेही आता म्हातारेच. शहरांत मात्र चित्र पार वेगळं दिसतं. विद्यापीठांमुळे नायजेरिया, पाकिस्तान आणि इतर देशांतले हजारो विद्यार्थी आलेत, बांधकामांवर बाहेरचे मजूर आहेत, किरेनियाच्या किनाऱ्यावर निवृत्त इंग्रज आहेत. उलट लंडनमध्ये तुर्क सायप्रियटांची मोठी वस्ती आहे. त्या मॉर्फूच्या काकांची दोन्ही मुलं तिकडेच, आणि दुकानात कपबशा विसळत होता तो मुलगा तुर्कस्तानच्या हाताय प्रांतातून आलेला.