कार्निव्हल म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

कार्निव्हल म्हणजे ईस्टरआधीचा ४० दिवसांचा उपवासकाळ लागायच्या आधी खाऊन-पिऊन, नाचून घ्यायचे शेवटचे दिवस, थोडक्यात आपण श्रावणाआधी गटारी करतो ना तसलाच हिशोब. शब्दाचं मूळ जुन्या इटालियनमधलं, 'कार्ने' म्हणजे मांस आणि 'लेव्हारे' म्हणजे काढून टाकणं, कारण पूर्वी उपवासात मांस बंद असायचं. 'मांसा, निरोप घेतो' असा 'कार्ने व्हाले'चा अर्थ सगळीकडे फिरतो, ऐकायला भारी आहे पण तो नंतर जुळवलेला, अभ्यासक मानत नाहीत. गोव्यात कार्निव्हल पोर्तुगीजांबरोबर आला आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'इंत्रुज'च आहे, पोर्तुगीज 'एंत्रुदु'वरून, म्हणजे उपवासकाळात प्रवेश. पूर्वी एकमेकांवर पीठ नि रंगीत पाणी उडवायचे, आता शनिवारी पणजीत किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा लुटुपुटूचा राजा, 'खा, पिये आनी मजा कर' असं फर्मान काढतो आणि मंगळवारी संपतं, दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. फक्त एक, ट्रकवरच्या चित्ररथांची मिरवणूक ही पोर्तुगीज गेल्यानंतरची, १९६० च्या दशकातली, त्यामुळे ती बघून हेच जुनं इंत्रुज असं समजू नका.