मॉडेल चालवण्याआधी नोंदी बघ

मॅक्सएंटला, म्हणजे झाड कुठे वाढू शकेल याचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरला, हात लावण्याआधी हर्बेरियमच्या (वाळवून जपलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाच्या) नोंदी नकाशावर टाक. बरेचसे ठिपके रस्त्याकडेलाच दिसतील. झाड कुठे वाढतं यापेक्षा माणसं कुठे पोचली हेच त्यातून कळतं. पार्श्वबिंदूही, म्हणजे मॉडेल तुलनेसाठी वापरतं ती ठिकाणं, मग तशाच रस्त्याकडेच्या पट्ट्यातून घे. डोंगरात खरी गोम उंचीची. वर्ल्डक्लिम या हवामानाच्या नकाशासंचातला सगळ्यात बारीक चौकोनही साधारण 1 किमीचा, आणि तीव्र उतारावर त्यात 500 मीटरचा चढ सहज मावतो, म्हणजे तापमानात जवळजवळ 3 अंशांचा फरक! नमुन्याच्या जुन्या चिठ्ठीवर नुसतं शिखराचं नाव असेल, उंची नसेल, तर ती नोंद सरळ वगळ. एयूसी (झाड असलेली ठिकाणं मॉडेल किती नीट ओळखतं याचा गुण, जास्तीत जास्त 1) 0.95 आला म्हणून हुरळू नकोस. चाचणीचे बिंदू वेगळ्या डोंगररांगेतले ठेवून बघ, मग बोलू. राखीव क्षेत्राची हद्द मॉडेलच्या नकाशावरून आखू नये, आधी तिथे जाऊन झाड शोधावं.