चिनी कथांमधली मुलं पर्यावरणीय सौंदर्यदृष्टीने कशी वाचावीत?

पर्यावरणीय सौंदर्यदृष्टी म्हणजे कथेत निसर्ग आणि माणूस यांचं नातं कसं रंगवलंय, ते पाहणं. त्यासाठी निसर्गवर्णनाच्या वाक्यांवर खूण करा आणि प्रत्येक वाक्यात कर्ता कोण, ते पाहा. शियाओ होंग यांच्या 'हूलान नदीच्या कथा'मध्ये आजोबांच्या परसातली काकडी मनात आलं तर फुलते, नाही तर फुलत नाही. मका हवा तितका उंच वाढतो. तिथे वेल, कीटक आणि आजोबांची छोटी नात एकाच पातळीवर, आपापल्या मर्जीने जगतात. म्हणूनच त्याच पुस्तकातली कोवळ्या वयाची सून फार बोचते. अंगात भूतबाधा आहे म्हणत गाव तिला कढत पाण्यात बुडवतं आणि ती मरते. परस वाचून ही सून वगळली, तर हाती नुसतं सुंदर चित्र उरतं.

त्साओ वेनश्वान यांच्या 'ब्राँझ आणि सूर्यफूल'मध्ये (2005) बोरू पोट भरायच्या कामाचा आहे. घरचे बोरूच्या तुऱ्यांचे जोडे विणून विकतात. ब्राँझ नावाचा मुका मुलगा शेवटी स्वतःच्या पायातला जोडही विकून बर्फातून अनवाणी घरी येतो. याच निसर्गातून टोळधाडही येते. त्यामुळे 'मूल म्हणजे निरागसता, निसर्ग म्हणजे माया' हे समीकरण इथे टिकत नाही.

लू शुन यांच्या 'माझं गाव'मधला (1921) रुन्तू आधी चांदण्यात कलिंगडं राखणारा पोरगा असतो. प्रौढपणी त्याचे हात पाइनच्या सालीसारखे भेगाळलेले दिसतात. कारणं कथेतच आहेत: दुष्काळ, कर, सैनिक, दरोडेखोर. ती आपल्या टिपणात लिहाच; ती वगळली, तर निबंध नेमका तिथेच फसतो.