भारतात राहून घरी पारंपरिक जमैकन जेवण करायचं आहे. ॲकी हे फळ आणि स्कॉच बॉनेट ही मिरची इथे मिळत नाही. सुरुवात कशापासून करू?

जर्क चिकनपासून करू नका. जर्क म्हणजे मसाला चोळून धुरावर भाजलेलं मांस, आणि त्याचा जीव पिमेंटोच्या (ऑलस्पाइसच्या झाडाच्या) लाकडाच्या धुरात असतो. जमैकातल्या पोर्टलंड परगण्यात, बॉस्टन बेला ते तसंच भाजतात. ओव्हनमध्ये मसाला लावलेलं चांगलं चिकन होईल, पण जर्क नाही.

लंडनमध्ये असताना शेजारच्या जमैकन काकूंकडून मी रविवारचं जेवण शिकले, ते राइस अँड पीज. यात मटार नसतो, राजमा असतो. वाटीभर राजमा रात्री भिजत घाला, सकाळी लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या टाकून कुकरला मऊ शिजवा. ते लालसर पाणी फेकायचं नाही, भाताचा रंग त्यातूनच येतो. राजम्याचं पाणी आणि नारळाचं दाट दूध मिळून चार वाट्या करा. त्यात पातीचा कांदा, थाइम (बारीक पानांची एक सुगंधी वनस्पती), आल्याचा तुकडा, ऑलस्पाइसचे आठ-दहा दाणे आणि मीठ घालून उकळी आणा. मग शिजलेला राजमा आणि दोन वाट्या तांदूळ. बासमती नको, त्याचा वास थाइमशी भांडतो. साधा लांब दाण्याचा किंवा उकडा तांदूळ घ्या. वर एक अख्खी मिरची ठेवा. ती फुटता कामा नये! वास भातात उतरतो, तिखटपणा मिरचीतच राहतो. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा आणि वाढताना मिरची अलगद काढून घ्या.

स्कॉच बॉनेटला जवळची म्हणजे हबनेरो, ती ऑनलाइन मिळते. आपल्या हिरव्या मिरचीत तो फळासारखा वास नाही, तरी नसल्यापेक्षा बरी. ऑलस्पाइस म्हणजे मसाल्यांचं मिश्रण नव्हे, पिमेंटोच्या झाडाची ती वाळवलेली फळं आहेत. त्याऐवजी गरम मसाला घातलात तर पुलाव होईल. थाइम सुकं चालतं. अगदीच नसेल तर चिमूटभर ओवा घाला, दोन्हींत थायमॉल हा सुगंधी घटक असतो.

नाताळात जमैकात राजम्याऐवजी ओले गुंगो पीज घालतात, म्हणजे आपले तुरीचे हिरवे दाणे. इथेही डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा येतात, तेव्हा नक्की करून बघा. जमैकातली कॅलालू ही पालेभाजी माठाच्याच कुळातली, त्यामुळे हिरवा माठ बिनधास्त वापरा. कांदा, लसूण, टोमॅटो, थाइम परतून त्यात चिरलेला माठ वाफवायचा, पाणी जवळपास नाहीच. त्यात खारवलेला कॉड मासा घालतात. मुंबईत किंवा कोकणात असाल तर खारवलेली सुरमई रात्रभर भिजवून, एकदा उकळून, काटे काढून घाला. वास कॉडपेक्षा उग्र येईल, शेजाऱ्यांची तयारी ठेवा.

कोकणातल्यांनी नीरफणसही सोडू नये. तो जमैकात 1793 साली विल्यम ब्लाय या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं ताहितीहून नेला, गुलामांना स्वस्त अन्न म्हणून. तिकडे अख्खा विस्तवावर काळा होईपर्यंत भाजतात, मग सोलून फोडी तळतात. गॅसच्या जाळीवरही जमतं, वेळ मात्र भरपूर लागतो.

करी गोट सगळ्यात शेवटी करा, कारण तिथे आपला हात आपोआप मटणाच्या रश्शाकडे वळतो. 10 मे 1845 ला ओल्ड हार्बर बेला पहिलं जहाज लागलं आणि भारतीय मजूर जमैकात आले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्या मसाल्याचं तिकडे वेगळंच काही झालं. तिथल्या करी पावडरमध्ये हळद भरपूर असते, सोबत धने, जिरे, मेथी आणि ऑलस्पाइस. तीच पावडर मटणाला चोळून रात्रभर मुरवतात. दुसऱ्या दिवशी आणखी चमचाभर पावडर गरम तेलात गडद होईस्तो परतून त्यात हाडासकट मटण, थाइम, पातीचा कांदा आणि शेवटी बटाटा. कांदा-खोबऱ्याचं वाटण नाही, कोथिंबीर नाही. पहिल्यांदा करताना वाटणाचा मोह फार होतो, आवरा.

ॲकीचं म्हणाल, तर ॲकी अँड सॉल्टफिश हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ असला तरी ताज्या फळाच्या नादी लागू नका. ते झाडावर आपोआप उघडेपर्यंत विषारी असतं, आणि उघडल्यावरही बिया आणि लाल भाग काढून टाकावा लागतो. परदेशातून कोणी येत असेल तर डबाबंद मागवा. तोवर माठ-सुरमई चालेल.