वाचकांचे प्रश्न : कणकुंबीच्या पावसात शूटिंग

प्रश्न : जुलैमध्ये बेळगावजवळच्या घाटात, जांबोटी-कणकुंबीकडे लघुपटाचं शूटिंग आहे. गेल्या वर्षी कॅमेऱ्यावर थेंबही पडू दिला नव्हता, तरी सकाळचे दोन तास लेन्स धुरकट राहिली. असं का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : दोष पावसाचा नाही, बहुधा गाडीतल्या एसीचा. हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, की २३ अंशांखालच्या कोणत्याही काचेवर दव धरतं. बेळगावहून एसीत २० अंशांवर आलेली लेन्स घाटात उघडली, की ती धुरकटणारच. म्हणून जांबोटीच्या अलीकडेच एसी बंद करून खिडक्या उघडा. बॅग मात्र बंदच ठेवा. कॅमेरा आणि लेन्सा झिपच्या पिशव्यांत हवाबंद असू द्या आणि पाऊण तासाने बाहेर काढा. दव धरलंच तर पिशवीवर धरेल. घाईने हेअर ड्रायर मारू नका, ओल आत सरकते. पुसत बसण्यातही अर्थ नाही, काच गार आहे तोवर धुकं परत येतं.

रात्री सगळं सिलिका जेलसह (ओल शोषणारे दाणे) घट्ट डब्यात. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करा. कढई स्वयंपाकाची नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

प्रश्न : धो धो पावसात शूट केलं, पडद्यावर पाऊस दिसतच नाही! (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : समोरून उजेड पडला की थेंब हरवतात. लाइट पात्राच्या मागे, थोडा उंचावर ठेवा आणि पार्श्वभूमीला काळोखी झाडी घ्या; ती तिकडे फुकट मिळते. आभाळ फ्रेममध्ये आलं की पाऊस गेला म्हणून समजा. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं तर धारा दिसतात, १/२०० वर सुटे थेंब. आधी वाइड (लांबून घेतलेले, मोठ्या आवाक्याचे) शॉट उरकून घ्या. पाऊस मध्येच थांबला तर क्लोजअपला झारीचं पाणी पुरतं, वाइडला टँकर लागतो. संवाद मात्र डबिंगला जातील असं धरूनच चला. माइकवर प्लॅस्टिक घालू नका, थेंबांचा ताशा वाजतो. केसाळ कव्हर बरं.

प्रश्न : लाइटसाठी भाड्याचा छोटा जनरेटर चालेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : चालेल, पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. आणि खरी मेख पुढे आहे : छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला जोडलेला नसतो, तेव्हा गळती झाली तरी आरसीसीबी उडत नाही. टेस्ट बटण दाबलं की तो उडतो, त्यावर विसंबू नका. जोडणी वायरमनकडून तपासून घ्या. जोड जमिनीवर नकोत, विटांवर ठेवून वर ताडपत्री. जनरेटर मोकळ्यावर, नुसत्या छपराखाली ठेवा. ताडपत्रीत गुंडाळला तर तापतो आणि धूर कोंडतो.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर कर्नाटक वन खात्याची परवानगी आधी घ्या, ड्रोनसाठीही. जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचं पाणी.