डार्करूममधील (फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतील) आम्ल रसायने आणि त्यांचा उग्र वास टाळता येतो का?

बऱ्याच अंशी टाळता येतो, कारण हा वास मुख्यतः दोनच ठिकाणांहून येतो: स्टॉप बाथमधील (डेव्हलपिंग म्हणजे चित्र उमटवण्याची क्रिया थांबवणाऱ्या द्रावणातील) ॲसिटिक ॲसिड आणि आम्लयुक्त फिक्सरमधून (उमटलेले चित्र टिकाऊ करणाऱ्या द्रावणातून) सुटणारा सल्फर डायऑक्साइड. दमेकऱ्यांना यांतील दुसरा वायू विशेष त्रासदायक ठरतो. स्टॉप बाथऐवजी साधे पाणी चालते. मात्र डेव्हलपिंगची क्रिया पाण्यात लगेच थांबत नसल्यामुळे फोटोचा कागद सुमारे अर्धा ते एक मिनिट सतत हलवावा आणि पाणी वारंवार बदलावे. क्रिया तत्काळच थांबवायची असेल तर गंधहीन सायट्रिक ॲसिड वापरावे, पण तेही आम्लच आहे.

फिक्सर मात्र उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी निवडावा. लिटरभर पाण्यात सुमारे २५० ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) आणि थोडे सोडियम सल्फाइट घालून केलेल्या द्रावणाला जवळजवळ वास नसतो, जरी ते संथ काम करते. अमोनियम थायोसल्फेटचा अल्कधर्मी फिक्सर वेगवान असला, तरी त्याला अमोनियाचा किंचित वास येतो.

हवा बाहेर फेकणारा पंखा डोक्यावर नव्हे, रसायनांच्या ट्रेंच्या मागे, त्यांच्याच पातळीवर बसवावा, म्हणजे वाफा चेहऱ्याकडे येत नाहीत. सल्फाइडचे सेपिया टोनिंग (फोटोला तपकिरी छटा देणे) बंद खोलीत करूच नये. त्याऐवजी थायोयुरियाचा टोनर घ्यावा.